डोंगर काढला, निघाली पायरी

परवा एका जुन्या विद्यार्थिनीचा मेसेज आला, "मॅडम तुम्ही तो चिंचोक्यांचा गेम अजून घेता का? आमच्या ऑफिसात सेम टू सेम चाललंय." खाली तीन हसणारे आणि एक रडणारा इमोजी. म्हटलं घेते गं, अजून घेते, आणि मग लक्षात आलं की या गेमबद्दल मी स्टाफरूममध्ये एवढी बडबड केलीय की लोक आता मला बघितलं की चहाचा कप घेऊन व्हरांड्यात जातात, पण इथे कधी लिहिलंच नाही. तर हे घ्या. लांबणार आहे, आधीच सांगते.

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका एमबीए कॉलेजात ऑपरेशन्स (म्हणजे माल बनवणं, साठवणं, पोचवणं) शिकवते, अकरा वर्षं झाली. आमची मुलं म्हणजे निफाड, दिंडोरी, सिन्नर, येवला इकडची, बरीचशी तर घरातली पहिलीच जी इथपर्यंत शिकली. हुशार आहेत, फॉर्म्युला विचारा, व्याख्या विचारा, धडाधड सांगतील. पण इंटरव्ह्यूला गेली की गाडी एका ठरावीक प्रश्नाला अडते. "टीममध्ये काम करताना काय अडचण आली आणि तुम्ही काय केलं?" की संपलं. "सर आय अ‍ॅम अ टीम प्लेयर" आणि पुढे शांतता. आता त्यांचा तरी काय दोष, टीममध्ये काम केलेलंच नसतं ना. आपल्याकडे ग्रुप प्रोजेक्ट म्हणजे काय तर एकजण करतो, तिघं नावं घालतात आणि पाचवा स्पायरल बाइंडिंगचे पैसे देतो. भांडण होत नाही, चूक होत नाही, झालीच तर कुणाची ते कळत नाही, मग सांगणार काय डोंबल.

तर हा गेम. मूळ नाव बिअर गेम. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात प्राध्यापक होते जे फॉरेस्टर, त्यांच्या लोकांनी १९६० च्या आसपास काढला, आणि जगभरच्या मॅनेजमेंट कॉलेजांत अजून खेळतात. मी पहिल्यांदा घ्यायचं ठरवलं तेव्हा नोटीस लावली, 'बिअर गेम, शुक्रवार दुपारी दोन, सेमिनार हॉल'. तासाभरात केबिनमधून बोलावणं. "मॅडम, पालक येतात हो कॉलेजात." त्यामुळे आमच्याकडे तो कोल्ड्रिंकच्या क्रेटचा गेम झाला, आणि क्रेट म्हणून चिंचोके, कारण नाणी वापरली तर ती परत येत नाहीत हा अनुभव.

नियम अगदी सोपे. एका टेबलाला चौघं. एक दुकानदार, एक होलसेलर, एक डिस्ट्रिब्युटर, एक फॅक्टरी. प्रत्येकाकडे सुरुवातीला बारा क्रेट. दर आठवड्याला (म्हणजे दर दोन-तीन मिनिटांनी) दुकानदार पत्त्यांच्या गठ्ठ्यातलं एक कार्ड उचलतो, त्यावर गिऱ्हाइकाने किती क्रेट मागितले तो आकडा. तो फक्त त्यालाच दिसतो. मग प्रत्येकजण आपापल्या वरच्याला चिठ्ठीवर आकडा लिहून ऑर्डर देतो. चिठ्ठी पोचायला दोन आठवडे, माल यायला आणखी दोन. शिल्लक क्रेटला आठवड्याला पाच रुपये खर्च, आणि मागणी पुरी करता आली नाही तर दर क्रेटला दहा रुपये. मूळ गेममध्ये अर्धा डॉलर आणि एक डॉलर आहे, मी प्रमाण तेच ठेवलं. सगळ्या टेबलाचा मिळून खर्च ज्याचा कमी तो जिंकला. आणि महत्त्वाचं, एकमेकांशी बोलायचं नाही. फक्त चिठ्ठी.

पहिले चार आठवडे मजेत जातात. चार क्रेट मागणी, चार क्रेट ऑर्डर, पोरं एकमेकांना डोळे मारतायत, मागून कुणीतरी विचारतं मॅडम हे एवढंच का. पाचव्या आठवड्यापासून दुकानदाराचा चेहरा बदलतो.

दोन वर्षांपूर्वीचं एक टेबल मला अजून दिसतं. होलसेलरच्या जागेवर एक मुलगी होती, वर्गात टॉपर, अक्षर मोत्यासारखं. सातव्या आठवड्यात तिच्याकडे दुकानदाराची चिठ्ठी आली, १२. तिने ती दोनदा उलटीपालटी करून बघितली, जणू मागे काहीतरी खुलासा लिहिला असेल. आपल्याकडचे चिंचोके मोजले, नऊ. मग स्वतःच्या चिठ्ठीवर १६ लिहिलं, खोडलं, २० केलं. पुढच्या आठवड्यात माल आला चारच (येणारच चार, तिने चार आठवड्यांपूर्वी चारच मागवले होते) पण तिला वाटलं वरचा माणूस मुद्दाम पाठवत नाहीये. मग ३०. मग ४०, आणि ते ४० तिने इतकं दाबून लिहिलं की कागद फाटला. तिकडे डिस्ट्रिब्युटर ४० बघून म्हणतो बापरे मार्केट पेटलंय, त्याने ५० लिहिले. फॅक्टरीवाला पोरगा तर खुर्चीतून उठलाच, एका आठवड्यात साठ क्रेटचं प्रॉडक्शन लावलं आणि विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलं.

मग अठराव्या आठवड्याच्या पुढे सगळा माल एकदम यायला लागतो. डिस्ट्रिब्युटरसमोर चिंचोक्यांचा ढीग, ओघळून खाली पडतायत, वर अजून येतायत. ऑर्डर शून्य. शून्य. शून्य. सहा-सहा आठवडे शून्य. फॅक्टरीवाला नुसता बसलेला. मी सांगते की गेम पन्नास आठवड्यांचा आहे, पण तिशीतच थांबवते, कारण शेवट कुठे ते कळलं की पोरं शेवटाचं खेळायला लागतात. या शेवटाच्या भानगडीवर मी नंतर येते, तिथे मी स्वतः तोंडावर आपटलेय.

आता खरी मजा. थांबल्यावर मी दुकानदार सोडून बाकी सगळ्यांना कोरा कागद देते आणि म्हणते, गिऱ्हाइकाची मागणी कशी कशी बदलत गेली असेल त्याचा ग्राफ काढा, अंदाजाने. अकरा वर्षांत जवळजवळ प्रत्येक कागदावर एकच चित्र. डोंगर. आधी सपाट, मग चढ, मग शिखर चाळीस-पन्नासला, मग दरी, काहींच्या दरीनंतर अजून एक टेकडी. टॉपर मुलीने तर शिखरावर बारीक अक्षरात 'उन्हाळा' लिहिलं होतं आणि उतारावर 'पाऊस'. मग मी दुकानदाराला सांगते, तुझी कार्डं फळ्यावर लिही. चार, चार, चार, चार, आठ, आठ, आठ, आठ, आणि शेवटपर्यंत आठ. एक पायरी. एकदाच चाराचे आठ झाले, बाकी काहीही झालेलं नाही. ना उन्हाळा ना पाऊस.

वर्गात तेव्हा जी शांतता पसरते ना ती मला पगारापेक्षा प्रिय आहे. (पगारही वेळेवर झाला तर प्रियच आहे, असो.)

त्याआधी पाच मिनिटं कसं असतं बघा, होलसेलर म्हणतो डिस्ट्रिब्युटरने वाट लावली, डिस्ट्रिब्युटर म्हणतो फॅक्टरी झोपली होती, फॅक्टरी म्हणते खालच्यांना ऑर्डर देता येत नाही. आणि फळ्यावरची पायरी बघितली की सगळ्यांना एकदम कळतं की डोंगर आपणच रचलाय, चौघांनी मिळून, प्रत्येकाने आपल्या परीने शहाणपणा करून. एमआयटीच्याच जॉन स्टरमन यांचा १९८९ चा पेपर आहे यावर, शक्य होता त्यापेक्षा टीमचा खर्च सरासरी दहापट झाला होता. दहापट! आणि चूकही त्यांनी नेमकी पकडली, माणसं समोरचा रिकामा शेल्फ बघून ऑर्डर देतात, आधी मागवलेला माल जो रस्त्यात आहे तो हिशोबात धरतच नाहीत.

यावरून शेठची गोष्ट. शेठ हे वर्गाने ठेवलेलं नाव, वडिलांचं गावात किराणा दुकान म्हणून. शेवटच्या बाकावर, इंग्रजीत प्रश्न विचारला की घाम. प्लेसमेंटच्या यादीत त्याच्या नावापुढे कुणीतरी पेन्सिलीने 'वीक' लिहून ठेवलेलं मी स्वतः बघितलंय. त्याच्या टेबलाचा खर्च आला साधारण नऊ हजार, बाकीची टेबलं वीस-पंचवीस, टॉपरचं टेबल एकतीस. मी त्याच्या चिठ्ठ्या काढून बघितल्या. तो दुकानदार होता. आठ, आठ, दहा, आठ, बारा, आठ, आठ. शेल्फ रिकामं झालं, रोज दंड लागतोय, तरी हा शांत. विचारलं का रे, घाबरला नाहीस? तर म्हणे, "मॅडम मागवलेलं येतंच ना. पप्पा म्हणतात टेम्पो निघाला म्हणजे माल दुकानात आलाच समज, त्याच्यावर परत फोन करायचा नाय."

स्टरमनचा अख्खा पेपर एका वाक्यात. मी तेव्हा हे फळ्यावर लिहिलं आणि खाली शेठच्या पप्पांचं नाव लिहिलं, वर्गाने टाळ्या वाजवल्या, शेठ लाजून पाणी प्यायला निघून गेला तो वीस मिनिटं आलाच नाही.

आणि मग मागून एक मुलगी, दिंडोरी साइडची, म्हणाली मॅडम हे तर आमच्या टोमॅटोसारखं झालं. बरोबर बोलली. २०२३ चा जुलै आठवा, टोमॅटो शंभरच्या वर, काही शहरांत दोनशेपर्यंत गेला होता. ते बघून ज्याने त्याने लावला. आणि सप्टेंबरात तोच टोमॅटो शेतकऱ्याच्या हाती किलोला पाच-सात रुपयेसुद्धा देईना, लोकांनी रस्त्यावर ओतला. तिच्या काकांनी त्याच वर्षी जास्तीचं रान टोमॅटोखाली घातलं होतं, ते ती सांगत होती. रोप लावल्यापासून माल हातात यायला दोन-अडीच महिने जातात, तेवढ्यात आपल्यासारख्याच किती जणांनी लावलंय हे कुणाला दिसत नाही. रस्त्यातला माल! पुस्तकात याला बुलव्हिप इफेक्ट म्हणतात, चाबकाची मूठ जरा हलवली तरी टोकाला केवढा फटका बसतो तसं. प्रॉक्टर अँड गॅम्बल या डायपर बनवणाऱ्या कंपनीच्या लोकांना हे बाळांच्या डायपरमध्ये दिसलं होतं, बाळं तर रोज तेवढीच शी-शू करतात मग मागच्या ऑर्डरी एवढ्या वरखाली का, हा त्यांना पडलेला प्रश्न. आमच्या वर्गात मात्र या धड्याचं नाव टोमॅटोच पडलंय, पेपरातही एकाने 'टोमॅटो इफेक्ट' लिहिलं, मी मार्क दिले.

आमचे एक सीनियर सर आहेत, त्यांचं म्हणणं हे गेमबिम नवीन फॅड आहे, पोरांना टाइमपास पाहिजे असतो. सर, १९३२ साली रशियातल्या लेनिनग्राडमध्ये मेरी बिर्श्टाइन नावाच्या बाईंनी टाइपरायटर फॅक्टरीसाठी असा खेळ घेतला होता. १९५६ मध्ये अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने कंपनीच्या मोठ्या साहेबांसाठी कॉम्प्युटरवरचा बिझनेस गेम काढला. फॅडला नव्वद वर्षं होऊन गेली. हे मी त्यांना तोंडावर बोलले नाही अर्थात, इथे बोलतेय.

बरं आता माझी फजिती. क्रेटचा गेम यशस्वी झाला म्हणून मला चेव चढला आणि पुढच्या सेमला मी कॉम्प्युटरवरचं मोठं सिम्युलेशन घेतलं. परदेशी सॉफ्टवेअरचं लायसन्स डॉलरमध्ये आणि तेही दरडोई, ते आमच्या कॉलेजला परवडणार नाही, म्हणून मी आणि एका सहकाऱ्याने एक्सेलमध्येच उभं केलं. पाच टीम म्हणजे पाच कंपन्या, मिक्सर-ग्राइंडर बनवतात, आठ राउंड म्हणजे आठ वर्षं. किंमत ठरवा, जाहिरात ठरवा, संशोधनावर किती, नवीन मशीन घ्यायचं का, लोन काढायचं का. एकाच मार्केटमध्ये पाचही. आणि मी शहाणीने काय केलं तर शेवटच्या नफ्यावर नंबर लावले आणि त्या नंबरावर तीस इंटर्नल मार्क ठेवले.

सात राउंड झक्कास झाले. आठव्या राउंडला एका टीमने काय करावं? जाहिरात शून्य, संशोधन शून्य, मेंटेनन्स शून्य, निम्म्या मशिनी विकल्या, कच्चा माल अजिबात मागवला नाही, गोडाऊनमधला जुना स्टॉक पडेल भावात काढला. नफा गगनाला. पहिला नंबर! बाकीच्या चार टीम भडकल्या, मॅडम ही चीटिंग आहे. मी त्या टीमच्या लीडरला विचारलं हे काय रे, तर निरागसपणे, "मॅडम आठव्या राउंडनंतर कंपनी आहेच कुठे?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. तीस मार्क द्यावे लागले. घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं तर तो हसत सुटला, त्याच्या मते ती टीम सगळ्यात जास्त जॉब रेडी होती. त्याच्या आधीच्या कंपनीचे एक साहेब म्हणे बदलीच्या आधीच्या क्वार्टरला हेच करायचे, आणि मागून येणारा निस्तरत बसायचा.

विनोदात बोलला पण ते 'मागून येणारा' माझ्या डोक्यात बसलं. पुढच्या वर्षी नियम बदलले. एक, शेवटचा राउंड कुठला ते सांगायचं नाही. दोन, नफ्याला मार्क नाहीत, शून्य. आणि चौथ्या-पाचव्या राउंडच्या मध्ये कधीतरी, न सांगता, मी टीमच्या कंपन्या बदलते. तुम्ही उठा आणि शेजारच्यांच्या कंपनीत बसा. उठताना एका पानाची चार्ज देण्याची चिठ्ठी लिहायची, कंपनी कुठल्या अवस्थेत आहे, लोन किती, काय चुकलं, पुढच्याने काय सांभाळावं. मार्क आहेत ते त्या चिठ्ठीला, आणि ते ठरवतात चिठ्ठी ज्यांच्या हातात पडली ते.

अहो काय सांगू. पहिल्या वर्षी आलेल्या चिठ्ठ्या वाचून मला रडावं की हसावं कळेना. "कंपनी इज इन गुड कंडिशन. ऑल द बेस्ट." एवढंच. खाली सह्या. आणि आत उघडून बघितलं तर चौदा टक्क्यांचं लोन, मशीन दोन वर्षं सर्व्हिसिंगशिवाय. ज्यांना ती कंपनी मिळाली त्यांनी असा काही दंगा केला की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले. मी काही बोलले नाही, फक्त म्हटलं आता तुम्ही त्यांना विचारा, पण लेखी, मेल करा, सभ्य भाषेत, आणि त्यांनी उत्तर द्यायचं. तो मेल लिहायला त्या पाच जणांना चाळीस मिनिटं लागली. पहिल्या ड्राफ्टमध्ये 'फसवणूक' होतं, दुसऱ्यात 'रिस्पेक्टेड सर/मॅडम' (समोर वर्गमित्र बसलाय!), चौथ्या ड्राफ्टमध्ये कुठे नीट प्रश्न आला, लोन कोणत्या राउंडला घेतलं आणि कशासाठी. आणि उत्तरात, पहिल्यांदाच, एका पोराने लिहिलं की मशीनचा निर्णय माझा होता, तिसऱ्या राउंडला मागणीचा अंदाज चुकला, सांगायला हवं होतं, राहिलं.

मी सिम्युलेशन घेते ते या एका मेलसाठी घेते. किंमत किती ठेवली नि जाहिरात किती केली ते पोरं सेमिस्टर संपायच्या आत विसरतात, आणि विसरू देत. पण 'हे माझ्याकडून चुकलं, या कारणाने चुकलं, आता स्थिती अशी आहे' हे तीन ओळीत, रडगाणं न लावता आणि दुसऱ्यावर न ढकलता लिहिणं, हे आमच्या अख्ख्या सिलॅबसमध्ये दुसरीकडे कुठेच करायला मिळत नाही. नवीन शैक्षणिक धोरणात आता ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट आहेत, चांगलंच आहे, पण तिथे इंटर्नला चूक करण्याएवढं काम तरी कोण देतं? झेरॉक्स आणि डेटा एन्ट्री.

बारीकसारीक गोष्टी चुकत चुकत कळल्या. जसं की माउस. ज्याच्या हातात माउस तो कंपनीचा मालक, बाकीचे प्रेक्षक, आणि माउस दर वेळी मुलाच्या हातात आणि वही-पेन मुलीच्या हातात, कुणी न सांगता. आता नियम आहे की दर राउंडला माउस फिरतो. दुसरं म्हणजे उधारी. आमच्या पहिल्या एक्सेलमध्ये माल विकला की पैसे लगेच जमा, असं जगात कुठे होतं? शेठच्याच बॅचने दाखवून दिलं, मॅडम यात उधारी कुठेय. मग आम्ही डीलरचे पैसे एक राउंड उशिरा येतील असं केलं, तर नफ्यातल्या दोन कंपन्या पगाराला पैसे नाहीत म्हणून बसल्या. नफा आणि खिशातली कॅश वेगळी असते हे मी तीन लेक्चर घेऊन शिकवायचे, ते दहा मिनिटांत झालं.

सगळं होतं का यातून? नाही. खेळातले पैसे खोटे असतात, झोप उडत नाही. समोर खरं गिऱ्हाईक ओरडत नाही. काही पोरं आठही राउंड मोबाइल बघत काढतात, ती कशातही काढतील. आणि शेठला त्या वर्षी कॅम्पसमध्ये नोकरी लागली नाही, अ‍ॅप्टिट्यूड टेस्टमध्येच कटला, इंटरव्ह्यूपर्यंत पोचलाच नाही जिथे सांगायला त्याच्याकडे गोष्ट होती. त्या दिवशी मला फार वाईट वाटलेलं. नंतर ओझरकडे एका डिस्ट्रिब्युटरकडे लागला, स्टॉक बघतो, मध्ये भेटला तेव्हा म्हणे मॅडम इथले सेल्सवाले रोज चाळीस लिहितात.

असो. जुलैत नवी बॅच येतेय, साठ मुलं, पंधरा टेबलं, आणि डबा उघडून बघितला तर चिंचोके कमी भरले, दरवर्षी थोडे हरवतातच. महिन्यापूर्वी आईला फोन केला की किलोभर चिंचोके असले तर पाठव. आईने मावशीला सांगितलं दोन किलो बघ, राहू देत जास्तीचे. मावशीने मामीला सांगितलं चार-पाच किलो लागतील, तिच्या कॉलेजचं काम आहे. मामीने चिंचा फोडायला येणाऱ्या बाईंना काय सांगितलं देव जाणे. काल एसटीच्या पार्सलवाल्याचा फोन आला, मॅडम तुमचं पोतं आलंय, गाडी घेऊन या.